ओढ्याकाठच्या नोंदी

पुण्याच्या आसपासच्या ओढ्यांच्या आणि छोट्या नद्यांच्या काठावर काय उगवते, काय उडते, पाण्यात काय जगते आणि ते पाणी कसे आहे, याच्या नोंदी सांभाळण्याचे काम मी बरीच वर्षे करते आहे. भूगावच्या बाजूच्या डोंगरातून निघून बावधन, पाषाण ओलांडत मुळेला मिळणारी राम नदी, कात्रजकडून शहरात उतरणारा आंबिल ओढा, खडकवासल्याच्या खालची मुठा ही आमची नेहमीची ठिकाणे. काठावर हिंडणारी मंडळी पुष्कळ आहेत. महाविद्यालयातली मुले, निवृत्तीनंतर पक्षी पाहू लागलेली माणसे, वनस्पतिशास्त्राचे शिक्षक. त्यांनी आणलेले कागद, फोटो, बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या माझ्या टेबलावर येतात आणि त्यांचे तक्ते होतात. पक्ष्यांवर, झाडांवर लिहिणारे खूप आहेत, त्यांच्या तक्त्यांवर कुणी लिहीत नाही. पण हा तक्ता वीस वर्षांनी एखाद्या अनोळखी माणसाला वाचता आला तरच काठावरच्या त्या सगळ्या भटकंतीला अर्थ आहे, असे मला मनापासून वाटते. हे काम करताना उमजत गेलेल्या काही गोष्टी इथे सांगते.

१. काठ कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, हे ठरवण्यातच निम्मे काम असते. ‘काठावर उंबर’ एवढे लिहिलेला कागद आला की मी प्रश्न विचारायला लागते, कारण काठ हा एक पट्टा आहे. अगदी प्रवाहातल्या खडकांच्या फटींत शेरणीची झुडपे असतात, पुरात आडवी होणारी आणि पूर ओसरला की पुन्हा उभी राहणारी. त्यांच्या वर, ओल टिकते तिथे लव्हाळा आणि वाळुंज. मग करंज, उंबर, जांभूळ यांची दाट सावली. आणखी वर, उन्हाळ्यात जमीन तडकते तिथे बाभूळ. हा सगळा प्रवास कधी कधी पंधरावीस पावलांत संपतो आणि त्या प्रत्येक पावलावरचे किडे, बेडूक, पक्षी वेगळे असतात. सरकारी नकाशावर निळी आणि तांबडी अशा दोन पूररेषा असतात. निळी सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, तांबडी १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. बांधकामाच्या परवानगीसाठी त्या हव्यातच, पण वाळुंज कुठे संपते आणि बाभूळ कुठे लागते ते त्यांवरून कळत नाही. त्यासाठी काठाला आडवी दोरी धरून, अंतर मोजत वर जावे लागते.

आता हे अंतर कुठून मोजायचे? पाण्याच्या कडेपासून मोजावे तर कडा मे महिन्यात एकीकडे असते आणि जुलैत दुसरीकडे. म्हणून हलणार नाही अशी खूण शोधायची. झाड तोडले जाते, पुलाचे रुंदीकरण होते, पायऱ्यांवर राडारोडा येऊन पडतो. आमच्या अनुभवात सगळ्यांत टिकाऊ ठरलेली खूण म्हणजे उघडा पडलेला काळा कातळ. ठिकाण निवडतानाच जवळ असा कातळ आहे का ते आम्ही पाहतो, त्याचे दोन-तीन बाजूंनी फोटो काढतो आणि मगच दोरी सोडतो.

२. डावा काठ म्हणजे पाणी वाहते त्या दिशेला तोंड करून उभे राहिल्यावर डाव्या हाताला येतो तो. जगभर नदीवर काम करणारे असेच मोजतात. हे नोंदीच्या कागदाच्या माथ्यावर ठळक छापून घेतले की पुढचे कितीतरी तास वाचतात. याहून जास्त सांगण्यासारखे यात काही नाही.

३. ‘काही दिसले नाही’ ही फार मोलाची नोंद असते. ती लिहायला माणसे संकोचतात, हे सुरुवातीला माझ्या लक्षात येत नसे. पहाटे उठून, बस पकडून काठावर गेलेल्या मुलाला कोरा कागद परत द्यायला लाज वाटते. मग तो वाटेत दिसलेली साळुंकी, कावळा लिहून आणतो आणि ज्या नदी सुरयासाठी त्याला पाठवले होते तो दिसला नाही हे लिहायचे राहून जाते. तक्त्यात त्या जागी रिकामा रकाना येतो. रिकाम्या रकान्याचे तीन अर्थ होऊ शकतात. पाहिले आणि नव्हता, पाहिलेच नाही, किंवा पाहिले पण लिहायचे राहिले. यातला कोणता खरा, ते वर्षभराने कुणीही सांगू शकत नाही. ‘ई-बर्ड’ या २००२ साली सुरू झालेल्या पक्षीनोंदीच्या व्यवस्थेत प्रत्येक यादीच्या शेवटी एक प्रश्न असतो. तुम्ही ओळखलेले सगळे पक्षी या यादीत दिले आहेत का? त्या एका ‘होय’मुळे यादीत नसलेल्या पक्ष्यांबद्दलही काही म्हणता येते. आमच्या कागदावर आता ज्या प्रजाती मुद्दाम शोधायच्या त्यांची नावे आधीच छापलेली असतात आणि प्रत्येकापुढे आकडा लिहावाच लागतो. शून्य असेल तर शून्य. नव्या मुलांना मी हे पहिल्या दिवशी सांगते. तू शून्य आणलेस तरी तुझी सकाळ वाया गेलेली नसते. एखादा पक्षी एखाद्या ओढ्यावरून कधी नाहीसा झाला, हे पुढे कुणाला कळायचे असेल तर ते अशा शून्यांवरूनच कळणार आहे.

४. पाण्याच्या आकड्याला वेळ जोडलेली नसेल तर तो आकडा जवळजवळ निरुपयोगी असतो. आपण म्हणतो, पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन अमुक इतका आहे. पण शेवाळाने हिरव्या झालेल्या डोहात तो दिवसभर चढत-उतरत असतो. उन्हात शेवाळ ऑक्सिजन सोडते, त्यामुळे दुपारी तीनच्या सुमारास आकडा भरघोस येतो, कधी पाण्याला धरून ठेवता येईल त्याहूनही जास्त. रात्री तेच शेवाळ आणि सगळे जीवजंतू ऑक्सिजन वापरतात आणि पहाटे तो तळाला जातो. मासे पृष्ठभागावर येऊन तोंडे उघडतात ते याच वेळी. दुपारी मोजणाऱ्याला ते पाणी निरोगी वाटेल, पहाटे मोजणाऱ्याला मरणपंथाला लागलेले. दोघांचेही मोजमाप बरोबर असते. तापमानाचेही तसेच. समुद्रसपाटीला २० अंश सेल्सिअसच्या स्वच्छ पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशाला तो साडेसातच्या आसपास येतो. काठावरची सावली तोडली की पाणी तापते आणि घाणीचा एक थेंबही न मिसळता माशांचा श्वास कमी होतो. ही गोष्ट पहिल्यांदा आकड्यांत पाहिली तेव्हा मी थबकले होते. झाडांचा तक्ता आणि पाण्याचा तक्ता आम्ही तोवर वेगळ्या फायलींत ठेवत होतो.

जुने अहवाल पाहताना आणखी एक पेच पडतो. बीओडी, म्हणजे पाण्यातली सेंद्रिय घाण कुजवताना जीवाणूंना लागणारा ऑक्सिजन, पूर्वी २० अंशाला पाच दिवस बाटली ठेवून मोजत. भारतीय मानकात नंतर २७ अंशाला तीन दिवस ही पद्धत आली, आपल्या हवामानाला साजेशी. आज नदीत अंघोळीसाठी पाणी योग्य म्हणायचे तर बीओडी लिटरमागे ३ मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी आणि ऑक्सिजन ५ मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त हवा, यातला बीओडीचा आकडा या तीन दिवसांच्या पद्धतीने धरलेला आहे. जुन्या कागदावर नुसते ‘बीओडी’ लिहिले असेल तर तो कोणत्या पद्धतीचा हे शोधल्याशिवाय मी तो आजच्या आकड्याशेजारी मांडत नाही. आलेखावर रेघ सुंदर दिसते, पण ती दोन वेगळ्या मोजपट्ट्यांची असू शकते. आकड्याशेजारी पद्धत लिहायला अर्धी ओळ लागते. ती अर्धी ओळ न लिहिल्यामुळे किती अहवाल मुके झाले असतील, याचा विचार केला की मला खरोखर वाईट वाटते.

५. मोबाइलने दिलेल्या अक्षांश-रेखांशाचे सगळे आकडे खरे मानायचे नसतात. दशांशचिन्हानंतरचे चौथे स्थान जमिनीवर सुमारे अकरा मीटरचे असते, पाचवे सुमारे एका मीटरचे. मोबाइल सहा-सात स्थाने दाखवतो, पण करंजाच्या दाट सावलीत किंवा खोल घळईत त्याची स्वतःची चूक कित्येक मीटरची असते. मोठ्या जंगलात एवढ्याने बिघडत नाही. आठ-दहा मीटर रुंदीच्या ओढ्यावर मात्र डाव्या काठावरचे झाड नकाशात उजव्या काठावरच्या सोसायटीच्या वाहनतळात जाऊन उभे राहते. म्हणून त्या आकड्यांबरोबर शब्दांतही जागा लिहून घेतो. ‘डावा काठ, दुसऱ्या कातळाच्या वर, साकवापासून चाळीस पावले.’ आणि काही जागा आम्ही बाहेर सांगत नाही. दुर्मिळ कंद, घरट्यांच्या जागा, उन्हाळ्यात मासे तग धरून राहतात ते डोह. निसर्गनोंदींच्या मोठ्या संकेतस्थळांवरही धोक्यातल्या प्रजातींचे ठिकाण मुद्दाम धूसर करून दाखवतात. माहिती खुली असावी हे मला मान्य आहे, पण डोहाचा पत्ता खुला केला आणि कुणी त्यात सुरुंग लावून मासे मारले तर त्या खुलेपणाचा माशांना काय उपयोग?

६. शास्त्रीय नाव बदलते, गावातले नाव टिकते, आणि कधी याच्या बरोबर उलटही होते. थिओडोर कुक यांच्या १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध झालेल्या मुंबई इलाख्याच्या वनस्पतिसूचीत करंजाचे नाव पोंगामिया ग्लाब्रा आहे. पुढे ते पोंगामिया पिन्नाटा झाले, काही जण मिलेटिया पिन्नाटा लिहू लागले. उंबर तिथे फायकस ग्लोमेराटा आहे, आता फायकस रेसिमोसा. आपल्या नद्यांचा गळा आवळणारी जलपर्णी आयकॉर्निया होती, २०१८ पासून तिला पाँटेडेरिया म्हणू लागले. बाभूळ अकेशियाची व्हॅचेलिया झाली. या सगळ्या काळात काठावरचा माणूस करंजाला करंज आणि बाभळीला बाभूळच म्हणत राहिला. मग गावातले नावच पुरे, असे वाटायला लागते. पण ओल्या काठावर ‘ब्राह्मी’ म्हणून एक जण गोल पानांची मंडूकपर्णी दाखवतो आणि दुसरा बारीक मांसल पानांची नीरब्राह्मी, आणि दोघेही आजीकडून शिकलेले असतात.

यातून आम्ही एक नियम धरला आहे. पाहणाऱ्याने जे नाव उच्चारले ते त्याच्याच शब्दांत एका रकान्यात जसेच्या तसे राहते. शास्त्रीय नाव शेजारच्या रकान्यात, ते कुणी आणि कशावरून ठरवले त्यासह. पुढे नाव बदलले तर दुसरा रकाना बदलतो, पहिला कधीच नाही. जैवविविधतेच्या नोंदींसाठी २००९ मध्ये मान्य झालेल्या ‘डार्विन कोअर’ या मांडणीतही मूळ ठिकाण, मूळ तारीख जशी लिहिली तशी ठेवायला वेगळी जागा आहे. आमच्या छोट्या तक्त्याने तोच मार्ग धरलेला पाहून मला फार बरे वाटले होते. आणि झाडाची फांदी वाळवून, कागदावर टाचून वनस्पतिसंग्रहालयात ठेवता आली तर त्यासारखे काही नाही. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम विभागाचे केंद्र १९५५ पासून आहे. तिथल्या किंवा आघारकर संस्थेतल्या जुन्या नमुन्यांपुढे उभे राहिले की मन नम्र होते. गोळा करणाऱ्याने जे प्रश्न विचारलेही नव्हते त्यांची उत्तरे ते वाळलेले पान आज देऊ शकते, कारण वस्तू स्वतःच तिथे आहे. आपल्याला शंका आली तर ती पुन्हा पाहता येते.

७. माणसांच्या आठवणीला तारीख असते, ती फक्त आपल्या पंचांगात बसवावी लागते. मुठेच्या काठी राहिलेली वयस्क माणसे ‘पानशेतच्या आधी’ आणि ‘पानशेतनंतर’ असे बोलतात. पानशेत धरण फुटले १२ जुलै १९६१ ला, म्हणजे ‘पानशेतच्या आधी इथे वाळूत कलिंगडे लावायचे’ या वाक्याला एक पक्की मर्यादा मिळाली. ‘बहात्तरच्या दुष्काळात डोह आटला नव्हता’ हेही तसेच. आता आंबिल ओढ्याकाठची माणसे २५ सप्टेंबर २०१९ च्या पुराच्या रात्रीपासून काळ मोजतात. अशा आठवणी तक्त्यात घ्यायच्या की नाहीत यावर आमच्यात वाद झाले. काहींचे म्हणणे, मोजलेल्या आकड्यांत ऐकलेल्या गोष्टी मिसळू नयेत. ते बरोबरच आहे. पण मोजणारे कुणी नव्हते त्या काळाबद्दल बोलायला दुसरे कोण आहे? आम्ही त्यांच्यासाठी वेगळा तक्ता केला. कुणी सांगितले, त्यांचे तेव्हाचे वय, स्वतः पाहिलेले की ऐकलेले, आणि काळ ठरवायला कोणत्या घटनेचा आधार घेतला. त्या तक्त्यातून मला कळले की राम नदीला बारमाही पाणी असल्याचे सांगणारे आणि ती फेब्रुवारीत आटायची असे सांगणारे एकमेकांना खोटे पाडत नव्हते. ते नदीच्या वेगवेगळ्या भागांत राहिलेले होते.

८. संगणक आपल्याला न विचारता मदत करतो, त्या मदतीपासून नोंदी जपाव्या लागतात. झाडांची उंची ‘५-६’ मीटर लिहिली की तक्त्याचे सॉफ्टवेअर तिची ५ जून किंवा ६ मे करून टाकते. याचा त्रास एवढा सार्वत्रिक आहे की मानवी जनुकांना नावे देणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने २०२० मध्ये काही जनुकांची नावेच बदलली, कारण त्यांच्या तारखा होत होत्या. तारीख आम्ही वर्ष, महिना, दिवस या क्रमाने लिहितो, म्हणजे ३ एप्रिल की ४ मार्च हा प्रश्नच उरत नाही. काठावर भरलेला कागद, चिखलाच्या डागांसकट, स्कॅन करून ठेवतो आणि त्यावर कधीही काही खोडत नाही. दुरुस्ती करायची ती दुसऱ्या प्रतीत, का केली ते लिहून. आणि सगळ्या प्रती एकाच इमारतीत ठेवत नाही, नदीजवळच्या इमारतीत तर नाहीच. पुराच्या नोंदी पुरात जाणे आपल्याला परवडणारे नाही.

९. ज्यांच्याकडून माहिती घेतली त्यांना ती परत द्यायची असते. हे शेवटी लिहिते आहे, पण माझ्या मनात ते पहिले आहे. मुठेत जाळे टाकणारे एक भोई काका आम्हाला माशांची नावे सांगत, कोणत्या महिन्यात काय मिळायचे, चिलापी वाढल्यावर काय मिळेनासे झाले. पुढल्या खेपेला भेटले तेव्हा त्यांनी साधेच विचारले, “ताई, मागल्या साली एवढं लिहून नेलं, त्याचं काय केलंत?” तक्ता तयार होता, आलेख होते, इंग्रजीत एक टिपणही झाले होते. यातले काहीच त्यांच्या हाती देण्याजोगे नव्हते. त्यांच्या प्रश्नात राग नव्हता, म्हणून तो मला जास्त लागला. तेव्हापासून प्रत्येक ठिकाणचा एक पानी मराठी गोषवारा निघतो. मोठ्या अक्षरांत, त्यांच्याच शब्दांतल्या माशांच्या आणि झाडांच्या नावांनी. तो वाचून लोक चुका दाखवतात, नवे काही सांगतात, आणि पुढच्या वर्षीची नोंद आधीच्यापेक्षा खरी होते.

२००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत आणि नगरपालिकेत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकांनी मिळून करायची जैवविविधता नोंदवही ठेवली आहे. कागदावर ही फार सुंदर कल्पना आहे. एकदा भरून कपाटात ठेवलेली नोंदवही मात्र कुणाच्याच उपयोगाची नसते. ती दरवर्षी उघडली पाहिजे, त्याच ओढ्यावर त्याच जागी जाऊन पुन्हा भरली पाहिजे. एका वर्षी शंभर ठिकाणे पाहण्यापेक्षा चारच ठिकाणे वर्षानुवर्षे पाहावीत, असे माझे ठाम मत झाले आहे. निधी देणाऱ्यांना हे पटवणे कठीण जाते. नव्या प्रकल्पाला पैसे मिळतात, जुन्याच जागी पुन्हा जायला मिळत नाहीत.

१०. तुमच्या घरात कदाचित अशा नोंदी आहेत आणि तुम्हाला ते ठाऊक नाही. ओढ्याकाठच्या सहलीचा जुना फोटो, नदीच्या घाटावरच्या लग्नाचा, गणपती विसर्जनाचा, पुराचे पाणी अंगणात आले तेव्हाचा. फोटोत माणसे पुढे असतात, पण मागे काठ असतो. कोणती झाडे होती, पाणी कुठवर होते, भिंत होती की उतार, हे त्यात दिसते. एक विनंती आहे. आईवडील, आजीआजोबा सांगू शकताहेत तोवर त्या फोटोंच्या मागे साध्या पेन्सिलीने वर्ष, ठिकाण आणि कोणत्या दिशेला तोंड करून फोटो काढला ते लिहून ठेवा. वर्ष नक्की आठवत नसेल तर कोणत्या घटनेच्या आधीचा की नंतरचा, तेवढे लिहा. मग त्याचा एक स्कॅन जवळच्या महाविद्यालयातल्या वनस्पतिशास्त्र किंवा भूगोल विभागाला द्या, किंवा तुमच्या गावच्या जैवविविधता समितीला. मूळ फोटो तुमच्याकडेच राहू द्या.